एका गोणीचा प्रश्न आणि अन्वस्ताचा शिरोबिंदू

मृगाचा पाऊस होऊन गेला, पेरण्या आटोपल्या आणि पऱ्हाटी वीतभर वर आली, की वऱ्हाडातल्या घराघरांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. एकरी खत किती द्यायचे? शेजाऱ्याने तीन गोण्या टाकल्या, मग आपण दोनच का टाकायच्या? आणखी एक टाकली तर उतारा वाढेल की नाही? त्याच घरात, त्याच दिव्याखाली, बारावीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा अथवा मुलगी एक सूत्र घोकत बसलेली असते: अन्वस्ताच्या शिरोबिंदूचा क्ष निर्देशक म्हणजे उणे ब भागिले दोन अ. बापाचा प्रश्न आणि लेकराचे सूत्र ही दोन्ही एकाच गोष्टीची नावे आहेत, हे मात्र त्या दोघांनाही सहसा कोणी सांगत नाही. तेच आज येथे समजून घेऊ.

अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले कृषी विद्यापीठ ज्यांचे नाव मिरवते, ते डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातील पापळचे. शेतीचे शास्त्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. पिकाला खताची मात्रा किती द्यावी हे ठरविण्याची शास्त्रीय रीत जगभर साधारण सारखीच आहे. सारख्या जमिनीचे छोटे तुकडे आखायचे, त्यांना खताच्या चढत्या मात्रा द्यायच्या, प्रत्येक तुकड्यातील उत्पादन मोजायचे आणि ते आलेखावर मांडायचे. असा आलेख मांडला की बहुधा सरळ रेषा येत नाही. आधी झपाट्याने चढणारी, मग मंदावणारी आणि शेवटी खाली वळणारी एक कमान दिसते. या कमानीचे सर्वांत सोपे गणिती रूप म्हणजे अन्वस्त, आणि तिचा माथा म्हणजे शिरोबिंदू.

कमान कशी तयार होते?

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत, ती कोणाची शिफारस नव्हे. समजा, कोरडवाहू कपाशीच्या एका शेतात एकही गोणी मिश्रखत न देता एकरी ४ क्विंटल कापूस होतो. एक गोणी दिल्यावर ५ क्विंटल, दोन दिल्यावर ५.६, तीन दिल्यावर ५.८, चार दिल्यावर पुन्हा ५.६, पाचव्या गोणीवर ५ आणि सहाव्या गोणीवर परत ४ क्विंटल. खताच्या गोण्यांना क्ष आणि उत्पादनाला य म्हटले, तर हे सारे आकडे एकाच समीकरणात बसतात:

य = ४ + १.२ क्ष − ०.२ क्ष²

पहिल्या गोणीने एक क्विंटल दिला, दुसरीने ०.६, तिसरीने ०.२ आणि चौथीने चक्क ०.२ क्विंटल काढून घेतला. प्रत्येक पायरीला लाभ ०.४ ने घटतो आहे. वर्गसमीकरणाची ओळख हीच. सरळ रेषेत वाढ दर पायरीला सारखी असते, अन्वस्तात मात्र ती वाढच ठरावीक मापाने कमी होत जाते. कमी होत होत ती जेथे शून्यावर येते, तेथे माथा असतो.

शेवटी उत्पादन घसरते ते का, याचे उत्तर शेतात आहे. नत्र गरजेपेक्षा अधिक झाले की कपाशी नुसती पानाफांद्यांनी माजते, बोंडे उशिरा धरतात, लुसलुशीत पाल्यावर मावा व तुडतुडे तुटून पडतात आणि फवारणीचा खर्च वाढतो. पानांची गर्दी झाली की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही. आलेखातील उतार म्हणजे शेतातली हीच परिस्थिती.

सूत्र न घोकता सापडणारे उत्तर

वरच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा नजर टाका. दोन गोण्यांना आणि चार गोण्यांना उत्पादन सारखेच आहे, ५.६. एक आणि पाच यांची जोडी ५ वर जमते, शून्य आणि सहा यांची ४ वर. प्रत्येक जोडीचा मध्य काढा, तो तीनच येतो. अन्वस्ताच्या अंगी आरशासारखी सममिती असते. मधोमध एक उभी रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच प्रतिमा. या रेषेला अन्वस्ताचा अक्ष म्हणतात, आणि अक्ष अन्वस्ताला जेथे छेदतो तो शिरोबिंदू.

म्हणजे शिरोबिंदू शोधायचा तर सारख्या उंचीचे दोन बिंदू घ्यावेत आणि त्यांचा मध्य काढावा. पाठ्यपुस्तकातील सूत्र यातूनच जन्मते. कोणतेही वर्ग पद असलेले समीकरण घेऊ: य = अक्ष² + बक्ष + क. क्ष शून्य असताना य ची किंमत क येते. आणखी कोठे ती क येईल? जेथे अक्ष² + बक्ष शून्य होईल तेथे, म्हणजेच क्ष(अक्ष + ब) शून्य होईल तेथे. अशा दोन जागा आहेत: क्ष = ० आणि क्ष = −ब/अ. त्यांचा मध्य −ब/२अ. झाले सूत्र! आपल्या उदाहरणात ब = १.२ आणि अ = −०.२, म्हणून −१.२ भागिले −०.४, म्हणजे ३. ज्याला ही वाट ठाऊक आहे, त्याने परीक्षेत सूत्र विसरले तरी घाबरण्याचे कारण नाही.

अ चे चिन्हही बोलके असते. अ ऋण असेल तर कमान उपडी असते आणि शिरोबिंदू हा तिचा सर्वांत उंच बिंदू ठरतो. अ धन असेल तर अन्वस्त वाटीसारखे उताणे असते आणि शिरोबिंदू हा सर्वांत खालचा बिंदू. पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त किती हे कळते, दुसऱ्यात कमीत कमी किती.

मधले पद नाहीसे करण्याची विद्या

शिरोबिंदूपर्यंत जाण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती आपल्या परंपरेत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातील बीजगणित या भागात वर्गसमीकरण सोडविण्याच्या रीतीला मध्यमाहरण असे नाव आहे. मध्यमाहरण म्हणजे मधल्या पदाचे हरण. ही रीत सांगताना भास्कराचार्यांनी आपल्याआधीच्या श्रीधराचार्यांच्या नियमाचा आधार दिला आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला.

आज शाळेत पूर्ण वर्ग पद्धत म्हणून शिकवतात ती हीच. आपले समीकरण या रीतीने लिहिले तर ते असे दिसते:

य = ५.८ − ०.२ (क्ष − ३)²

कंस सोडवून पाहा, पहिलेच समीकरण परत मिळेल. पण या रूपात सारे काही उघड्यावर आले आहे. कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो. म्हणून ५.८ मधून काही ना काही वजाच होणार, फक्त क्ष = ३ असताना काहीही वजा होणार नाही. तेव्हा महत्तम उत्पादन ५.८ आणि ते तीन गोण्यांना. मधले पद नाहीसे करणे याचा भूमितीतील अर्थ इतकाच, की अंतर मोजण्याची सुरुवात शून्यापासून न करता थेट माथ्याच्या पायथ्यापासून करायची. जागा बदलली की तेच समीकरण सोपे होते.

माथा सपाट असतो

या रूपातून आणखी एक गोष्ट कळते, आणि आमच्या मते शिरोबिंदूविषयी लक्षात ठेवण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. माथ्यापासून दूर गेल्यावर होणारे नुकसान अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एक गोणी कमी टाकली तर ०.२ क्विंटल जातात, दोन कमी टाकल्या तर ०.८ आणि तीन कमी टाकल्या तर १.८. अर्धीच गोणी कमी टाकली तर जेमतेम ०.०५ क्विंटल, म्हणजे पाच किलो. माथ्याच्या जवळ कमान जवळजवळ सपाट असते. तेथे थोडे इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही. दूर गेल्यावर मात्र प्रत्येक पाऊल महाग पडते.

हा सपाटपणा डोळ्यांनी पाहायचा असेल तर अमरावतीच्या कोणत्याही मैदानावर जावे. १९१४ पासून चालत आलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या शहरात आहे, त्यामुळे येथे मैदानांची आणि खेळाडूंची वाण नाही. समजा, एखाद्याने चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर क सेकंदांनंतर त्याची उंची २०क − ५क² मीटर असेल. वेळ आणि उंची यांचा आलेख पुन्हा अन्वस्तच. शिरोबिंदू दोन सेकंदांवर, उंची २० मीटर. चेंडू एकूण चार सेकंद हवेत असतो. आता पाहा: पहिल्या सेकंदाच्या शेवटी तो १५ मीटरवर असतो आणि तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी खाली येताना पुन्हा १५ मीटरवर. म्हणजे हवेतल्या वेळेपैकी निम्मा वेळ तो उंचीच्या वरच्या पाव भागातच घालवतो! उंच उडी घेणारा खेळाडू क्षणभर हवेत थबकल्यासारखा भासतो, त्याचे कारण हेच. शिरोबिंदूपाशी बदलाचा वेग शून्य होतो, म्हणून तेथे सारे काही रेंगाळते. फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्ताकार असतो हे गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले होते.

दोन माथे: उत्पादनाचा आणि नफ्याचा

आता पुन्हा शेताकडे वळू. तीन गोण्यांना सर्वाधिक उत्पादन होते हे खरे. पण म्हणून तीन गोण्या टाकाव्यात काय? येथेच अनेकांची फसगत होते. शेतकरी क्विंटलवर जगत नाही, हाती उरणाऱ्या पैशावर जगतो.

समजा, वेचणीचा खर्च वजा जाता कापसाचे क्विंटलमागे ७,००० रुपये सुटतात आणि एक गोणी खत भाडे व मजुरीसह २,१०० रुपयांना पडते. तिसरी गोणी ०.२ क्विंटल, म्हणजे १,४०० रुपयांचा कापूस वाढविते. खर्च २,१००. उत्पादन वाढले, पण खिशातले ७०० रुपये गेले. सगळा हिशेब समीकरणात मांडला तर खताचा खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम अशी:

न = २८,००० + ६,३०० क्ष − १,४०० क्ष²

हेही अन्वस्तच, पण त्याचा शिरोबिंदू ६,३०० भागिले २,८००, म्हणजे सव्वादोन गोण्यांवर आहे. दोन गोण्यांना ३५,००० रुपये हाती येतात, सव्वादोन गोण्यांना ३५,०८७ रुपये ५० पैसे, तर तीन गोण्यांना ३४,३००. उत्पादनाचा माथा तीनवर आणि नफ्याचा माथा सव्वादोनवर. खताला किंमत आहे तोपर्यंत नफ्याचा माथा नेहमी उत्पादनाच्या माथ्याच्या अलीकडेच राहणार. आणि कापसाचा भाव घसरला तर तो आणखी अलीकडे सरकतो. हातात ७,००० ऐवजी ५,००० रुपयेच पडणार असतील, तर याच शेतात नफ्याचा शिरोबिंदू १.९५ गोण्यांवर येतो.

या हिशेबाची उलट बाजूही ध्यानात घ्यावी. युरियासारखे खत अनुदानामुळे अगदी स्वस्त मिळते, तेव्हा दोन्ही माथे एकमेकांच्या जवळ येतात आणि शेतकऱ्याला थांबण्याची खूण दिसेनाशी होते. माथा सपाट असल्यामुळे तो ओलांडून पलीकडे गेल्याचेही पटकन जाणवत नाही. मग नत्राची मात्रा वाढत जाते आणि स्फुरद, पालाश व सेंद्रिय खताकडे दुर्लक्ष होते. जमिनीचा समतोल बिघडतो तो असा, नकळत.

पाऊस माथा हलवितो

वऱ्हाडातील बहुतेक कपाशी पावसाच्या भरवशावर असते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीही खारे, म्हणून विहिरीचा आधारही तोकडा. खत विरघळायला आणि मुळांनी ते घ्यायला ओल लागते. ओल नसेल तर त्याच खताचा उपयोग कमी होतो. म्हणजेच पाऊस कमी झाला की नुसती कमान ठेंगणी होत नाही, तिचा माथाही डावीकडे सरकतो.

समजा, उणे पावसाच्या वर्षी त्याच शेताचे समीकरण य = ३ + ०.८ क्ष − ०.२ क्ष² असे होते. उत्पादनाचा शिरोबिंदू आता दोन गोण्यांवर आणि उत्पादन अवघे ३.८ क्विंटल. नफ्याचा शिरोबिंदू पूर्वीच्याच भावाने काढला तर सव्वा गोणीवर येतो. आता गोणीगणिक हिशेब करू. दुसरी गोणी चांगल्या वर्षी खर्च जाऊन २,१०० रुपये मिळवून देते, तर उणे पावसाच्या वर्षी ७०० रुपये घालविते. आणि तिसरी? चांगल्या वर्षी ती ७०० रुपये घालविते, वाईट वर्षी ३,५००. पहिली गोणी मात्र दोन्ही वर्षी फायद्याची: चांगल्या वर्षी ४,९०० रुपये आणि वाईट वर्षी २,१०० रुपये.

खरी अडचण अशी, की खत टाकताना यंदाची कमान कोणती हे माहीत नसते. यावर कृषी शास्त्राने सुचविलेला तोडगा साधा आहे: सारे खत एकदम टाकू नका. स्फुरद आणि पालाश पेरणीच्या वेळी आणि नत्र विभागून देण्याची शिफारस केली जाते, ती काही केवळ परंपरा म्हणून नव्हे. पहिला हप्ता असा ठेवावा की कोणत्याही वर्षी तो माथ्याच्या अलीकडेच राहील. पुढचा हप्ता पाऊस पाहून, पऱ्हाटीचा रंग आणि पाते पाहून ठरवावा. गणिताच्या भाषेत, शिरोबिंदू कोठे आहे हे दिसू लागेपर्यंत शेवटची पावले राखून ठेवायची. आपल्या उदाहरणात पहिली गोणी निर्धास्त, दुसरी पाऊस पाहून आणि तिसरी नाहीच.

काही इशारे

अन्वस्त हे शेताचे चित्र आहे, शेत नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ मिचेरलिच याने १९०९ मध्येच खताच्या लाभासाठी वेगळ्या प्रकारचा वक्र सुचविला होता. त्यात लाभ घटत जातो, पण वक्र खाली वळत नाही. काही पिकांत माथ्याऐवजी लांबलचक पठार दिसते. मोजलेल्या आकड्यांना कोणता वक्र नीट बसतो हे तपासूनच पुढे जावे लागते. दुसरे असे, की शिरोबिंदू प्रयोगात वापरलेल्या मात्रांच्या आत असला तरच तो विश्वासार्ह. दोन गोण्यांपर्यंतच प्रयोग केला आणि सूत्राने माथा पाच गोण्यांवर दाखविला, तर तो शोध नसून अंदाज असतो. तिसरे, एका शेताचा माथा दुसऱ्या शेताला लागू पडत नाही. धाब्याच्या भारी काळ्या जमिनीचा आणि टेकडीखालच्या हलक्या बरड जमिनीचा माथा एकच कसा असेल? माती परीक्षणाचे मोल येथे कळते.

विद्यार्थ्यांसाठी एक निराळा इशारा. शिरोबिंदू आणि नाभी यांची गल्लत करू नये. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अन्वस्ताकार आहेत. तबकडीचा सर्वांत खोल मध्य म्हणजे शिरोबिंदू, तर आकाशातून येणाऱ्या लहरी परावर्तित होऊन जेथे एकवटतात ती नाभी. य = अक्ष² या अन्वस्ताची नाभी शिरोबिंदूपासून १/४अ इतक्या अंतरावर असते. अन्वस्ताकार सौरचुलीत भांडे ठेवतात ते नाभीपाशी. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हातही भांडे शिरोबिंदूवर ठेवले तर स्वयंपाक लवकर व्हायचा नाही.

सूत्र वहीत तीनच अक्षरांचे दिसते: अ, ब आणि दोघांमधली भागाकाराची रेषा. पण ते जे सांगते ते अनुभवी शेतकऱ्याला वेगळ्या शब्दांत ठाऊक असते. अधिक म्हणजे नेहमीच चांगले नव्हे, आणि माथ्यावर पोहोचण्यासाठी टाकलेले शेवटचे पाऊल सर्वांत कमी देणारे असते. पुढच्या खरिपात गोणीचा प्रश्न पुन्हा निघेल, तेव्हा बापाने जुन्या वर्षांचे उतारे आठवून सांगावेत आणि लेकराने वहीत ते मांडावेत. दोघे मिळून माथा शोधतील, तर एखादी गोणी दुकानातच राहील आणि तिचे पैसे घरात.